डिपस्टिक नसलेल्या गाडीचं ऑइल मीटर: कच्च्या अंगणात कितपत भरवशाचं?

सेकंडहँड ऑडी, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज आता पुसद, वणी, हिंगणघाटच्या रस्त्यावर दिसली तर कोणी मान वळवून बघत नाही. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं फिरलेली गाडी नव्या एसयूव्हीपेक्षा कमी पैशात दारात येते. मग ऑइल बघायला मिस्त्री बोनेट उघडतो, इकडेतिकडे शोधतो आणि विचारतो, "याची काडी कुठी हाये जी?" बऱ्याच इंजिनांत काडी, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची डिपस्टिक, नाहीच. इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरच्या तळाशी सेन्सर आणि समोर स्क्रीनवर एक पट्टी, एवढाच कारभार. हे परीक्षण त्या पट्टीचं आहे. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या, उतरतं अंगण, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, अशा वापरात तिच्यावर किती विसंबावं?

मत आधीच सांगून टाकतो: मोजमाप चांगलं, नखरे फार. आणि ऑइल किती आहे एवढंच ती सांगते. कसं आहे ते स्क्रीनवर येत नाही.

पुढे जाण्याआधी एक घोळ मिटवायला हवा. बोलेरो, स्विफ्ट अशा गाड्यांच्या मीटरवर जो लाल किटलीचा दिवा असतो तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली घसरला की स्विच तो दिवा लावतो. चेंबरमधलं ऑइल लिटरभर कमी झालं तरी पंपाच्या जाळीला ऑइल मिळतंय तोवर दाब जागेवर असतो. जाळी हवा ओढायला लागली की दिवा लागतो, आणि तोवर बेअरिंगं कोरडी पडायला सुरुवात झालेली असते. त्यामुळे "दिवा नाही लागला, म्हणजे ऑइल आहे" हा हिशेब साफ चुकीचा. लेव्हल सेन्सर असलेल्या गाडीत दिवे दोन. पिवळा लागला तर ऑइल कमी आहे. बेताने चालवत पुढच्या गावापर्यंत जाता येतं. लाल लागला तर इंजिन जिथे आहे तिथे बंद, मग टोचन लावून न्यावी लागली तरी चालेल. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये पिवळ्याचेही दोन अर्थ आहेत: स्थिर असेल तर ऑइल कमी, लुकलुकत असेल तर सेन्सरच बिघडलेला. हा फरक माहीत नसला की लोक लुकलुकत्या दिव्यावर लिटरभर ऑइल ओततात आणि नवं दुखणं विकत घेतात.

सेन्सरचं काम समजायला अवघड नाही. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत मोजणारा भाग क्षणभर तापवतात आणि तो निवायला किती वेळ लागतो ते पाहतात. भोवती ऑइल भरपूर असेल तर लवकर निवतो, कमी असेल तर उशिरा. नंतरच्या प्रकारात चेंबरच्या तळातून वर अल्ट्रासोनिक ध्वनी सोडतात. तो ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो, आणि जाण्या-येण्याच्या वेळावरून उंची कळते. विहिरीत खडा टाकून आवाजावरून पाणी किती खोल ते ओळखावं तसंच, फक्त खालून वर. ध्वनीचा ऑइलमधला वेग तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याच डबीत तापमानाचा सेन्सरही असतो. ऑइलला फेस आलेला असेल तर प्रतिध्वनी विस्कटतो. चालत्या गाडीत ऑइल हिंदकळतं, म्हणून कॉम्प्युटर बरीच मापं घेऊन सरासरी काढतो. चिखलदऱ्याच्या घाटात वळणं घेताना आकडा अडून बसतो आणि समृद्धीवर अर्धा तास सरळ चालवली की निमूट येतो, त्याचं कारण हेच.

आता प्रत्येकाच्या अटी.

ऑडीत एमएमआयच्या, म्हणजे मधल्या स्क्रीनच्या, कार मेनूमध्ये सर्व्हिसच्या पानावर ऑइल लेव्हल दिसते. इंजिन पुरेसं तापलेलं, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग इग्निशन ऑन. खरी मेख बोनेटमध्ये आहे. बोनेट उघडलं की गाडी समजते, ऑइल टाकलं असणार, आणि आधीचा आकडा बाजूला ठेवते. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच हँडबुकांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: बोनेट ३० सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर इशारा रीसेट होतो, आणि ऑइल टाकलेलं नसेल तर साधारण १०० किमीनंतर दिवा परत लागतो. म्हणजे कूलंट बघायला बोनेट उघडलं, पिवळा दिवा गेला आणि मालक खूश झाला, तर ती खुशी शंभर किलोमीटरचीच.

बीएमडब्ल्यूचं उलटं. तिथे सविस्तर मोजणी इंजिन चालू ठेवून होते. आयड्राइव्हमध्ये, म्हणजे तिच्या मधल्या स्क्रीनवर, व्हेइकल स्टेटस, त्यात इंजिन ऑइल लेव्हल, तिथून मोजणी सुरू करायची. गिअर पी किंवा एन मध्ये, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू), ऑइल साधारण ७० अंशांच्या वर. मिनिटभर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही आणि एसी बंद ठेवलेला बरा, म्हणजे आयडल डुलत नाही. मिन ते मॅक्स हे अंतर बहुतेक इंजिनांत एक लिटरचं असतं, म्हणून पट्टी अर्ध्यावर असेल तर अर्धा लिटर एवढा सोपा हिशेब. एन५२, एन२०, एन५५ या पेट्रोल इंजिनांत काडीची नळीसुद्धा नाही. स्क्रीन गेली की आंधळी कोशिंबीर.

मर्सिडीजच्या काडी नसलेल्या जुन्या मॉडेलांत स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरवरच आकडा मागवायचा: गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, इग्निशन ऑन करा, मोजणीचं पान उघडा. तिघांत खेड्यातल्या माणसाला सगळ्यात सोपी हीच. शिवाय अनेक इंजिनांत नळी असते, फक्त तिच्यावर टोपण असतं. त्याचा उपयोग पुढे येईल.

तिन्हींत एक अट सारखी, सपाट जागा, आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. अंगण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरतं ठेवलेलं, पेट्रोल पंपाचं काँक्रीट नालीकडे उतरतं, गॅरेजपुढची जागा तर विचारूच नका. समजा सेन्सर चेंबरच्या मध्यापासून १५ सेंमी बाजूला आहे आणि जमीन मीटरमागे २ सेंमी उतरती आहे. सेन्सरपाशी ऑइल ३ मिमी वर किंवा खाली दिसेल. चेंबरचं क्षेत्रफळ ५०० चौ. सेंमी धरलं तर हा फरक १५० मिलीचा. मिन-मॅक्समध्ये एक लिटर असताना एवढी चूक चालून जाते. पण गाडी आडवी आणि उभी दोन्हीकडून कलली, वर ऑइल थंड असलं, की सगळं मिळून पाव-अर्धा लिटर कुठेच्या कुठे जातं.

उपाय गावातच आहेत. सगळ्यात चांगली सपाट जागा म्हणजे वजनकाट्याचा फलाट. तो लेव्हलमध्येच बसवावा लागतो, नाही तर वजन चुकतं. रिकाम्या वेळी काटेवाल्याला विचारून गाडी चढवा, पाच मिनिटांत काम होतं. कापसाच्या सीझनमध्ये दुपारी बंड्या-ट्रॅक्टरच्या रांगेत मध्येच गाडी घातली तर मात्र ऑइलऐवजी शिव्या मोजाव्या लागतील. घरीच बघायचं असेल तर गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्याशी नळीची टोकं धरा, मग डाव्या-उजव्या चाकाशी. टायरमध्ये हवा बरोबर असताना फरक २-३ सेंमीच्या आत असेल तर जागा चालेल. तेही नको असेल तर तिसरी युक्ती: एकदा मोजा, त्याच जागी गाडी उलट तोंडाने लावा, परत मोजा. दोन आकड्यांच्या मध्ये खरी लेव्हल. उताराची चूक एकदा वर जाते, एकदा खाली, आणि कटते.

तापमानाची अट लोक उन्हाळ्यात विसरतात. "बाहेरच पंचेचाळीस डिग्री हाये, इंजिन तर गरमच असन ना" असं म्हणून सकाळी सेल मारला की लगेच मोजायला बसतात. पंचेचाळीस अंश हे ऑइलसाठी थंडच. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. पाच लिटर ऑइल ३० वरून ९० अंशांवर गेलं तर २०० मिली जास्त दिसतं. आणि घर ते बाजार समिती पाच किलोमीटर, तिथे दोन तास उभी, परत पाच किलोमीटर, अशा वापरात ऑइल पुरेसं तापतच नाही. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागे असतं. मोजायच्या दिवशी किमान १५-२० किमी सलग चालवून आणा. उलट, उन्हाने सेन्सर जळतो ही समजूत सोडून द्या. चालू इंजिनमध्ये त्याच्या अंगाशी शंभर अंशांच्या आसपासचं ऑइल असतं. बाहेरचं ऊन त्याच्या खिजगणतीत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा दिवस: ऑइल बदलण्याचा. काडी असती तर मिस्त्री ओतत गेला असता आणि बघत गेला असता. इथे ओतताना काहीच दिसत नाही आणि थंड इंजिनवर स्क्रीन आकडा देत नाही. म्हणून ऑइल मापाने टाकायचं, मीटरने फक्त ताळा करायचा. हँडबुकात "फिल्टरसह" म्हणून जी मात्रा दिलेली असते तीच धरा. चार-साडेचार लिटरपासून सात-आठ लिटरपर्यंत इंजिनाप्रमाणे फरक पडतो, म्हणून शेजाऱ्याच्या ऑडीचा आकडा आपल्या ऑडीला लावू नका. जुनं ऑइल गरम असताना काढा, वीस मिनिटं थेंबथेंब गळू द्या, आणि निघालेलं ऑइल खुणा असलेल्या डब्यात मोजून ठेवा. दिलेल्या मात्रेपेक्षा अर्धा लिटर कमी टाका. इंजिन मिनिटभर चालवा म्हणजे नवा फिल्टर भरतो. खाली ड्रेन बोल्टपाशी गळतंय का बघा, मग १५-२० किमी चक्कर, सपाट जागा, मोजणी. उरलेलं पाव-पाव लिटरने टाका. पट्टी मॅक्सला टेकवायची गरज नाही, पाऊण भरली तरी पुष्कळ.

पाव लिटरचं माप नसेल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. इंजिन ऑइलची घनता साधारण ०.८५, म्हणजे पाव लिटर म्हणजे २१० ग्रॅमच्या आसपास. कॅनसकट वजन करा, ओता, परत वजन करा.

मापावर एवढा भर का? कारण जास्तीचं ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये फटके मारते, फेस होतो, फेसाळ ऑइलचा दाब टिकत नाही, टॅपेट वाजायला लागतात. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये जातं, पुढे टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत घाण पोचते. काडी नसलेल्या गाडीत चुकून जास्त पडलं तर वरून पिचकारीने ओढायलाही अनेकदा वाट नसते; खाली आडवं पडून गरम ड्रेन बोल्ट अर्धा सैल करून पाव लिटर सोडावं लागतं. करून बघा, पुढच्या वेळी हात आपोआप आवरता राहतो.

डिझेलवाल्यांसाठी वेगळी गोष्ट, आणि ही पट्टीची खरी परीक्षा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असलेल्या गाडीत जाळीतली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल मारतं. गाडी दहा मिनिटांत बंद केली की काम अर्धवट राहतं आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. रोज तालुका-गाव-तालुका चालणाऱ्या गाडीत ऑइलची लेव्हल कमी होण्याऐवजी चढते. स्क्रीन सांगते "ऑइल भरपूर", प्रत्यक्षात आत पातळ काढा झालेला असतो. काडी असती तर बोटावर घेऊन वास आला असता. सेन्सरला नाक नाही. म्हणून दर १००० किमीला त्याच जागेवर, तशाच गरम इंजिनवर मोजून वहीत लिहा. काही न टाकता पट्टी वर सरकली तर जादा ऑइल काढून भागत नाही, सगळं बदला. टाळायचं असेल तर गाडी उभी केल्यावरही पंखा जोरात चालू असेल, आयडल नेहमीपेक्षा चढलेलं असेल, तेव्हा बंद करू नका. हायवेला लावून १५-२० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास सलग चालवा. आणि तालुक्याच्या दुकानात ट्रॅक्टरसाठी मिळणारं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल या गाड्यांत घालू नका. फोक्सवॅगन गटाच्या डीपीएफवाल्या डिझेलला कंपनीच्या ५०७.०० मंजुरीचं, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, मर्सिडीजला २२९.५१ किंवा त्यानंतरचं, हे डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं.

पेट्रोलवाल्यांची चिंता उलटी. जुन्या १.८ आणि २.० टर्बो पेट्रोल ऑडी-स्कोडा ऑइल खातात हे आता सगळ्यांना माहीत आहे. हँडबुकात १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत सूट दिलेली असते. समृद्धीने नागपूर-मुंबई ७०१ किमी. जाऊन-येऊन १४०० धरले तर हँडबुकाच्याच हिशेबाने ७०० मिली गेलेले असू शकतात, म्हणजे मिन-मॅक्समधलं बरंचसं. निघताना डिकीत योग्य मंजुरीचा एक लिटर ठेवावा. इथे मात्र इलेक्ट्रॉनिक मीटरला पैकीच्या पैकी गुण: लांब सरळ रस्त्यावर ते अचूक आणि वेळेवर सांगतं, बोनेट उघडायचं विसरणाऱ्या माणसालाही.

बिघडतं काय? सेन्सर स्वतः कमी, भोवतालचं जास्त. तो चेंबरच्या सगळ्यात खालच्या भागात, तीन छोट्या बोल्टवर, तीन पिनांच्या कपलरसह बसतो. सेकंडहँड गाडीत खालची प्लास्टिक प्लेट अनेकदा गायब असते. मग पांदणीतून जाताना पऱ्हाटीची किंवा तुरीची खुंटं थेट वायरला लागतात. पावसाळ्यात काळी माती कपलरमध्ये जाऊन बसते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी होते. हिवाळ्यात गरम इंजिनशेजारी उंदीर मुक्कामाला येतात. गाडीशेजारी कापूस किंवा धान्य साठवलेलं असेल तर नक्कीच. स्क्रीनवर ऑइल लेव्हल सेन्सरचा संदेश आला, स्कॅनरवर ऑडी-स्कोडात जी२६६ चा (याच सेन्सरचा) कोड आला, तर आधी नवा सेन्सर मागवू नका. कपलर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. मग इग्निशन ऑन करून मल्टिमीटरने एका पिनवर १२ व्होल्ट आणि दुसरीवर अर्थ येतोय का तपासा. तिसरी सिग्नलची. दोन्ही येत असतील आणि तरी कोड परत येत असेल, तर सेन्सर. कपलरच्या आतच ऑइल दिसलं तर सेन्सर आतून फुटलेला आहे, तिथे धुण्याने काही होत नाही.

बदलायला ऑइल काढावंच लागतं, त्यामुळे हे काम ऑइल बदलण्याच्या दिवशीच करा. सील नवीन घ्या. बोल्ट बारीक असतात, चेंबर अनेकदा ॲल्युमिनियमचं. फोक्सवॅगन गटात त्यांना ९ न्यूटन मीटरच्या आसपासच कसायचं असतं. टी-हँडलवर जोर लावला की आटे गेले, आणि मग हजारांचं काम. मूळ गाड्यांत बरेच सेन्सर हेलाचे असतात, त्याच कंपनीच्या डब्यातला घेतला तर चालतो. निनावी स्वस्त सेन्सरची लेव्हल पहिल्याच दिवशी चुकलेली निघू शकते, आणि ताळा करायला काडी नसते.

काडीचा पर्याय पूर्णपणे नाही असंही नाही. मर्सिडीजच्या टोपण असलेल्या नळीत वर्कशॉपची मिलिमीटरच्या खुणांची काडी जाते. ऑडीच्या काही इंजिनांसाठी टी४०१७८ ही वर्कशॉपची मोजकाडी आहे. तिच्यावरचं कडं इंजिनाप्रमाणे ठरलेल्या आकड्यावर लावायचं असतं. दोन्हींत तुमच्या इंजिनाचे मिन-मॅक्सचे मिलिमीटर वर्कशॉप माहितीतून मिळाले तरच उपयोग, नाही तर ती नुसती काडी. आकडे मिळाले नाहीत तरी एक जुगाड होतो: योग्य मापाने ऑइल भरलेल्या दिवशी, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी, सपाट जागेवर काडी घाला आणि ऑइल जिथे लागलं तिथे कानशीने बारीक खाच करा. पुढे दर वेळी त्याच अटीत त्या खाचेशी तुलना करा. कपड्याने काडी पुसून घालायची, आणि काम झालं की टोपण घट्ट लावायचं. ते सैल राहिलं तर ऑइल बाहेर उडतं आणि काही इंजिनांत आयडलही बिघडतं.

आमच्या मते खेड्यातल्या वापरात पहिला नंबर काडी आणि सेन्सर दोन्ही असलेल्या स्कोडा-फोक्सवॅगनचा, म्हणजे ऑक्टाव्हियासारख्या गाड्या. सेन्सर इशारा देतो, काडी खात्री करते. दुसरी मर्सिडीज, टोपणाच्या नळीमुळे. तिसरी बीएमडब्ल्यू, कारण मोजणी हवी तेव्हा करता येते, पण स्क्रीन गेली की काहीच उरत नाही. ऑडी चौथी, बोनेटच्या भानगडीमुळे. ज्याचा मिस्त्री दर चार दिवसांनी बोनेट उघडतो त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

घ्यायला जाताना विकणाऱ्याला एवढंच सांगा: गाडी वीस किलोमीटर चालवू द्या आणि तोवर बोनेट उघडू नका. परत आल्यावर मोजणीचं पान उघडा. "सध्या आकडा उपलब्ध नाही" असं आलं तर जागा आणि तापमान परत तपासा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर खाली वाकून चेंबरच्या तळाशी कपलर जागेवर आहे का ते बघा. पिवळा दिवा त्रास देतो म्हणून कपलर काढून टेपने बांधून ठेवलेलाही असू शकतो.